खलनायक तिसाव्या मिनिटाला येतो: एका कथा-अल्बमचे दुभंगलेले श्रोते

पार्श्वभूमी

द डिसेंबरिस्ट्स हा अमेरिकेतल्या पोर्टलंडचा पाच जणांचा इंडी (बड्या कंपन्यांबाहेर वाढलेल्या) रॉकचा बँड. गाणी लिहिणारा आणि गाणारा कॉलिन मेलॉय. सोबत ख्रिस फंक, जेनी कॉनली, नेट क्वेरी आणि जॉन मोएन. खलाशी, भुतं, सूड, बुडालेली जहाजं असल्या ऐवजाची गाणी हीच त्यांची ओळख, त्यामुळे त्यांचा श्रोता गोष्टीला बिचकणारा कधीच नव्हता. २००४ मध्ये त्यांनी आयर्लंडच्या प्राचीन महाकथेवर बेतलेली सुमारे १८ मिनिटांची एकसलग रचना काढली होती. २००६ मध्ये कॅपिटल या बड्या कंपनीकडून आलेला त्यांचा पहिला अल्बम एका जपानी लोककथेभोवती बांधलेला होता आणि त्यात बारा मिनिटांचं एक गाणंही होतं. तो अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या २०० अल्बमच्या यादीत ३५ व्या क्रमांकापर्यंत गेला. म्हणजे लांबलचक आणि कथानकाचं गाणं या श्रोत्यांनी आधीच दोनदा पचवलेलं होतं.

मार्च २००९ मध्ये ‘द हॅझर्ड्स ऑफ लव्ह’ आला आणि याच श्रोत्यांत उभी फूट पडली.

अल्बमचं बीज अगदी लहान होतं. ॲन ब्रिग्ज या ब्रिटिश लोकगायिकेची १९६० च्या दशकातली याच नावाची एक छोटी तबकडी आहे. तबकडीला ते नाव आहे, पण त्या नावाचं गाणं मात्र तिच्यात नाही. ते नसलेलं गाणं आपण लिहावं, एवढाच मेलॉयचा मूळ बेत. लिहिता लिहिता पात्रं आली, पात्रांमागून कथानक आलं, मध्यंतरी हे सगळं रंगमंचावर नेण्याचा विचारही झाला, आणि शेवटी हाती राहिला १७ ट्रॅकचा, साधारण ५८ मिनिटांचा, मध्ये कुठेही न थांबणारा अल्बम. त्यात ऑर्गन आहे, हार्प्सिकॉर्ड आहे, तंतुवाद्यं आहेत, मुलांचा कोरस आहे, आणि या बँडकडून कोणी अपेक्षाच केली नव्हती असे जाडजूड हेवी मेटल वळणाचे गिटारचे रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे छोटे तुकडे, आहेत.

गोष्ट

मार्गारेट नावाची मुलगी बर्फाळ अरण्यात जखमी हरणाच्या पाडसाला मदत करते. पाडस रात्री माणूस होतं, तो विल्यम. दोघांचं जुळतं, तिला दिवस जातात, ती त्याला शोधत पुन्हा रानात शिरते. रानाची राणी ही विल्यमची पालनकर्ती. तिनेच त्याला तान्हेपणी वाचवून हे दुहेरी रूप दिलेलं. ती त्याला एक रात्र देते, पण उपकाराची परतफेड मागून. मग येतो रेक. जुन्या इंग्रजी बॅलडमधला, म्हणजे कथा सांगणाऱ्या लोकगीतांमधला, हा ठरलेला इसम: बाहेरख्याली आणि निगरगट्ट. बायको बाळंतपणात गेल्यावर त्याने आपली तीन मुलं मारलेली आहेत. तो मार्गारेटला पळवतो, राणी त्याला नदी ओलांडून देते. मागून आलेला विल्यम पूर आलेल्या नदीला विनवतो: आता जाऊ दे, परतताना मला घे. मेलेली मुलं भुतं होऊन बापाचा सूड घेतात. दोघं सुटतात, परतताना नाव बुडते, आणि नदी आपलं देणं वसूल करते.

गोष्ट अवघड नाही. कोणाही आजीने पंधरा मिनिटांत रंगवून सांगावी अशी आहे. पण वर ती ज्या क्रमाने मांडली तशी अल्बममध्ये कोणी सांगत नाही. पात्रं आपापल्या जागी उभी राहून गातात आणि मधले दुवे श्रोत्याने जोडायचे असतात.

श्रोते कुठे फुटले

पहिल्या आठवड्यात अल्बम बिलबोर्डच्या यादीत १४ व्या क्रमांकावर आला, आधीच्यापेक्षा बराच वर. या आकड्यावरून प्रतिसाद चांगला होता असं म्हणण्याचा मोह होतो, पण पहिल्या आठवड्याची विक्री ही मागच्या अल्बमवरच्या विश्वासाची पावती असते. ऐकून झाल्यावर काय वाटलं ते तिच्यात दिसत नाही.

ऐकून झाल्यावरची मतं मात्र दोन टोकांना गेली. काहींना हे बँडचं सर्वांत मोठं काम वाटलं. काहींना ते फुगवलेलं, सत्तरच्या दशकातल्या प्रोग रॉकची (लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकची) आठवण करून देणारं आणि गुणगुणायला काहीच न देणारं वाटलं. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने दहापैकी दिलेले गुण सहाच्याही खाली होते, आणि इंडी श्रोत्यांत तेव्हा त्या गुणांना वजन होतं. मधली माणसं कमी.

तक्रारींकडे नीट पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. ‘गोष्ट नको होती’ असं म्हणणारे थोडे. बहुतेकांच्या नाराजीचं मूळ चार ठिकाणी सापडतं. कोण गातंय ते कळत नाही. सुटं गाणं उचलून ऐकावं तर ते अर्धवट वाटतं. ज्या एका गाण्यामुळे इकडे वळलो तसं दुसरं आत नाही. आणि चौथी, जी बरेच जण तक्रार म्हणून सांगतही नाहीत: पाहुणी गायिका शारा वर्डनने गायलेली राणी ऐकल्यावर बाकीचे फिके पडतात. ही चौथी खरं तर स्तुती आहे. पण मुख्य गायकाच्या अल्बममध्ये पाहुणी भाव खाऊन जाते, तेव्हा निर्मात्याने ती तक्रार म्हणूनच नोंदवायला हवी.

चारही गोष्टी संगीताच्या दर्जाबद्दलच्या नाहीत. अल्बम श्रोत्याच्या हाती कसा दिला गेला, त्याबद्दलच्या आहेत. म्हणून पुढे निर्णय एकेक करून पाहू.

समोरचे पर्याय

असं कथानक हाती असताना कोणत्याही बँडपुढे ढोबळमानाने चार वाटा असतात.

रंगमंच ही पहिली. पात्रागणिक नट आला की कोण गातंय हा प्रश्न संपतो. पण त्यासाठी संवाद लागतात, दिग्दर्शक लागतो, तालमीला महिने लागतात, आणि पडणारा पैसा रॉक बँडच्या हिशेबात बसत नाही. शिवाय ही गाणी आधी रॉकची गाणी आहेत. त्यातला बराचसा जोर रिफमध्ये आहे, प्रसंगात नाही. हा पर्याय सोडून दिला गेला ते बरोबरच झालं.

दुसरी वाट सुट्या गाण्यांची: दहा-बारा पूर्ण गाणी, प्रत्येक आपल्या पायावर उभं, कथा मागे अंधुक. यात धोका सर्वांत कमी. बँडने २००६ मध्ये साधारण हेच केलं होतं.

तिसरी, निवेदनाची. गाण्यांच्या मधे दोन-दोन ओळींचा सूत्रधार. मराठी श्रोत्याला ही वाट ओळखीची आहे, पण रॉकमध्ये बोललेलं निवेदन दुसऱ्यांदा ऐकवत नाही. गाणं शंभरदा ऐकता येतं; ‘आणि मग ती नदीकाठी आली’ हे वाक्य शंभरदा ऐकवत नाही.

चौथी, सलग गायन-नाट्याची. सगळं गाऊन सांगायचं, सुरावटी पुन्हा पुन्हा परतवायच्या, मधे थांबायचं नाही. बँडने ही निवडली. यात कमाई मोठी असते: आठव्या ट्रॅकमधली सुरावट सोळाव्यात दीड मिनिटासाठी परत येते तेव्हा जो काटा येतो, तो सुट्या गाण्यांच्या अल्बममध्ये येणं शक्य नाही. तिसऱ्या ट्रॅकचा रिफ अकराव्यात, अपहरणाच्या वेळी, पुन्हा उसळतो तेही तसंच. पण ही कमाई पहिल्यापासून बसलेल्या श्रोत्यालाच मिळते. अकराव्या ट्रॅकवर थेट आलेल्याला तिथे फक्त एक रिफ ऐकू येतो.

पहिला निर्णय: दार कुठलं उघडायचं

अल्बमच्या आधी ‘द रेक्स साँग’ हे गाणं मोफत उतरवून घ्यायला दिलं गेलं. निवड समजण्यासारखी आहे. सव्वातीन मिनिटांचं, ड्रम्सच्या दणक्यावर चालणारं, एकदा ऐकून डोक्यात राहणारं. शिवाय १७ ट्रॅकमध्ये ज्याची गोष्ट त्याच्यातच सुरू होऊन त्याच्यातच संपते असं हे जवळजवळ एकमेव गाणं: लग्न, मुलं, बायकोचा मृत्यू, तीन खून, आणि पश्चात्तापाचा लवलेश नाही. जाहिरात म्हणून याहून सोपं काही सापडलं नसतं.

पण घड्याळ लावून बघा. हा ट्रॅक दहावा आहे. त्याच्या आधीच्या नऊ ट्रॅकची बेरीज तीस मिनिटांना काही सेकंद कमी भरते. म्हणजे ज्या गाण्यासाठी माणूस आला ते गाणं, आणि कथेतला खलनायक, दोघंही अर्ध्या तासाने येतात. तोवर त्याने काय ऐकलं? कानावर जेमतेम येणाऱ्या ऑर्गनपासून हळूहळू चढत जाणारी तीन मिनिटांची प्रस्तावना, मग एक मवाळ प्रेमगीत, मग अरण्य, विनवण्या, अंगाईसारखं एक द्वंद्वगीत. काळ्या विनोदाच्या अपेक्षेने बसलेल्याला हा अर्धा तास जड जातो, आणि त्याने मधेच उडी मारून दहावा गाठला की कथेचा धागा सुटतो. दोन्हीकडून नुकसान.

दुसरा गोंधळ स्वराचा, म्हणजे भावनेच्या स्वराचा. हे गाणं ऐकून वाटतं की अल्बम क्रूर विनोदाचा असणार. प्रत्यक्षात बाकीचा सगळा अल्बम प्रेम आणि मृत्यू पूर्ण गांभीर्याने घेतो. हे एक गाणं बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे म्हणूनच नाट्यात ते काम करतं, आणि त्याच कारणाने नमुना म्हणून ते चुकीचं आहे. तांदळाच्या पोत्यातून नमुन्याला नेमका खडा काढून दाखवावा तसं.

पर्याय होते. चौथा ट्रॅक, ज्यात दुसरी पाहुणी गायिका बेकी स्टार्क हिची मार्गारेट रानात विल्यमला शोधते, चार मिनिटांचा आहे, जाड रिफवर उभा आहे, आणि साडेनऊ मिनिटांवर येतो. त्यातून श्रोत्याला तीन गोष्टी आधीच कळल्या असत्या: इथे दुसरे गायक आहेत, इथे गिटार जड आहे, आणि ही एका मुलीची गोष्ट आहे. उणी बाजू अशी की बँडच्या ओळखीचा आवाजच त्यात पुढे नाही. कंपनीला हे पटवणं कठीण. दुसरा उमेदवार आठवा ट्रॅक, विल्यम आणि राणीचा सामना. अल्बममधलं सर्वांत ताकदीचं हेच, पण साडेसहा मिनिटांचं. त्याचे जोडलेले दोन भाग वेगळे करून राणीचा भाग पुढे करता आला असता, पण मग हाक एकाची आणि जबाब दुसऱ्याचा ही गंमतच जाते.

आमचा कौल चौथ्या ट्रॅकला. लोक कमी आले असते, पण जे आले असते ते कशासाठी आलोत हे जाणून आले असते.

दुसरा निर्णय: आवाजांची वाटणी

स्टार्कला मार्गारेट आणि वर्डनला राणी देणं हा अल्बममधला सर्वांत यशस्वी निर्णय. एकीचा आवाज काचेसारखा पातळ आणि निर्मळ, दुसरीचा घशातून उठून अंगावर येणारा. दोघींना नाव सांगून ओळख करून द्यावी लागत नाही. राणी तोंड उघडते तेव्हा ही रानाची मालकीण आहे हे भाषा न कळणाऱ्यालाही कळतं.

घोळ पुरुषांच्या बाजूला आहे. निवेदक मेलॉय, विल्यम मेलॉय, आणि रेकही मेलॉयच. आवाजात थोडा फरक केलेला आहे: रेक जरा तोऱ्यात, शब्द चावून गातो. पण या गायकाचा मूळ आवाजच इतका ठसठशीत आणि किंचित नाकातला आहे की रंग बदलला तरी माणूस तोच ऐकू येतो. तीस मिनिटं ज्या आवाजाला श्रोता नायक मानत आला, तोच आवाज एकतिसाव्या मिनिटाला सांगतो की मी माझी मुलं मारली. पहिल्यांदा ऐकणारे इथे विल्यमनेच हे केलं असं सहज समजू शकतात आणि मग पुढचं सगळं चुकीच्या अर्थाने ऐकतात. दोष त्यांचा नाही.

याला एक मासलेवाईक प्रतिउदाहरण आपल्याकडे आहे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाची ५६ गाणी आठवड्याला एक अशी गेली, तेव्हा पात्रांनुसार गायक वेगवेगळे होते. पुढे सुधीर फडके हीच गाणी जाहीर कार्यक्रमांत एकटे गात राहिले. राम तेच, सीताही तेच, लवकुशही तेच, आणि कोणाचाही गोंधळ झाला नाही. कारण कोण बोलतंय हे श्रोता जन्मापासून जाणतो. एकाच गळ्याने सगळी पात्रं गाण्याची मुभा माहीत असलेल्या गोष्टीत मिळते. नव्याने रचलेल्या गोष्टीत प्रत्येक पात्राला वेगळा गळा नाहीतर वेगळं वाद्य द्यावंच लागतं. मेलॉयच्या गोष्टीत रूप पालटणारं जनावर, नदीशी सौदा, खुनी बाप हे सगळं ब्रिटिश बॅलडमधून आलेलं आहे. नदीला विनवणाऱ्या तेराव्या ट्रॅकचं नाव ‘ॲनन वॉटर’, आणि ते तर स्कॉटलंडमधल्या खऱ्या नदीचं आणि तिच्यावरच्या जुन्या बॅलडचंही नाव आहे. पण साहित्य ओळखीचं असणं वेगळं आणि कथा पाठ असणं वेगळं.

विशेष म्हणजे उपाय हाताशी होता. या अल्बमवर जिम जेम्स आणि रॉबिन हिचकॉक या गायकांसारखे पाहुणे आहेत, पण मागच्या बाजूला. रेकचा एक ट्रॅक आणि पुढच्या दोन-तीन ठिकाणच्या ओळी दुसऱ्या पुरुष आवाजाला देणं म्हणजे सगळं मिळून पाचेक मिनिटांचं गायन. असं न करण्यामागे एक कारण दिसतं, आणि ते अगदीच चुकीचं म्हणता येत नाही: नायक आणि खलनायक एकाच गळ्यातून आले की प्रेमाचे धोके एकाच माणसात असतात असा अर्थ निघू शकतो. निघतोही, पण पाचव्या ऐकण्यात. पहिल्या ऐकण्यात तो घोटाळाच असतो, आणि फूट पडली ती पहिल्या-दुसऱ्या ऐकण्यात.

तिसरा निर्णय: न थांबणारा आवाज, तुकड्यांचं दुकान

२००९ हे साल इथे महत्त्वाचं आहे. अमेरिकेत गाणी सुटी विकत घेतली जात होती; दुकानात प्रत्येक ट्रॅकचा ३० सेकंदांचा नमुना ऐकून लोक ठरवत. सुटं गाणं घेणाऱ्याच्या हाती गीतांची पुस्तिका येत नाही, आणि मधला दीड-दोन मिनिटांचा दुवा तो कशाला घेईल? या अल्बममध्ये एक ट्रॅक जेमतेम अर्ध्या मिनिटाचा आहे. कथेत तो राणीच्या पावलांचा आवाज आहे, पण दुकानात तो निव्वळ अर्धवट फाइल वाटतो. पुढे स्पॉटिफायसारख्या सेवांनी ३० सेकंद वाजल्यावरच ऐकणं मोजायचा नियम ठेवला; असल्या दुव्यांची तिथेही पंचाईतच.

जोडणीची एक तांत्रिक भानगड आहे, आणि ती असा अल्बम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी. एमपी३ फाइल ठरावीक चौकटींनी बनते. एका चौकटीत १,१५२ नमुने (सॅम्पल, म्हणजे आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापं). सीडीच्या ४४,१०० नमुने-प्रतिसेकंद वेगाला एक चौकट म्हणजे २६ मिलिसेकंद. गाणं नेमक्या चौकटीच्या काठावर संपत नाही, म्हणून एन्कोडर (एमपी३ फाइल बनवणारं सॉफ्टवेअर) शेवटी शांतता भरतो; सुरुवातीलाही त्याच्या कामापुरती थोडी शांतता जाते. दोन फाइली लागोपाठ वाजल्या की ही शांतता मधे येते. वेगळ्या गाण्यांमध्ये ती कोणाला कळत नाही. पण ऑर्गनचा लांबवलेला सूर ट्रॅकच्या सीमेवरून जात असेल तर तिथे ठेच लागल्यासारखं ऐकू येतं. किती शांतता भरली याची नोंद फाइलच्या डोक्यात करता येते आणि ती वाचणारा प्लेअर ती कापून टाकतो. आयट्यून्स आणि आयपॉडमध्ये २००६ पासून सलग वाजवण्याची सोय आली. पण गाडीतले, मोबाइलमधले आणि स्वस्तातले अनेक प्लेअर ही नोंद वाचतच नसत.

यावरचा इलाज मास्टरिंगच्या, म्हणजे अल्बमची शेवटची प्रत तयार करण्याच्या, टेबलावर होतो, नंतर नाही. ट्रॅकची खूण लांब सुरावर न टाकता ड्रमच्या ठोक्याच्या किंचित आधी टाकायची. ठोक्याआधीची २६-५० मिलिसेकंदांची फट कान माफ करतो. मग सगळ्या सीमा १२८ केबीपीएसच्या (हलक्या दर्जाच्या) एमपी३ मध्ये काढायच्या आणि तीन वेगळ्या प्लेअरवर, त्यातला एक मुद्दाम जुना, शेवटची दहा आणि पुढची दहा सेकंदं ऐकायची. १७ ट्रॅकच्या १६ सीमा, तीन प्लेअर. एका दुपारचं काम.

तबकडीवरही सलगपणा टिकत नाही. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला चांगल्या आवाजात वीस-बावीस मिनिटं मावतात. ५८ मिनिटांसाठी निदान दोनदा उठून बाजू पलटावी लागते. मात्र हा खंड लोकांना खुपत नाही, कारण तो त्यांच्या हाताने पडतो. अंक संपला, पडदा पडला, असं वाटतं.

स्टेजवर

१८ मार्च २००९ ला ऑस्टिनमधल्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात बँडने अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. एनपीआर या अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओने तो थेट प्रसारित केला. त्यानंतरच्या दौऱ्यात कार्यक्रमाचे दोन भाग: पहिल्यात पूर्ण अल्बम, मग मध्यंतर, मग जुनी गाणी. स्टार्क आणि वर्डन दौऱ्यावर सोबत होत्या.

ज्या तक्रारी घरी ऐकणाऱ्यांच्या होत्या त्यातल्या बऱ्याच इथे विरघळल्या. गाणारी व्यक्ती समोर दिसते. मधेच पुढे सरकवायचं बटण नसतं. रेकच्या गाण्याला एकदम अनेक जण ड्रम बडवायला उभे राहत, त्यामुळे आवाज तोच असला तरी काहीतरी पालटलं हे डोळ्यांना कळायचं. ध्वनिमुद्रणात जी खूण हवी होती ती इथे आपोआप मिळाली. आणि पहिल्या तासाला कंटाळलेल्यालाही दुसऱ्या भागात त्याची आवडती गाणी मिळण्याची खात्री होती. या खात्रीची किंमत कमी लेखू नये. ‘एवढं बसून घ्या, मग तुमचंच आहे’ असा करार झाला की लोक बसतात.

२००९ च्या अखेरीस चार ॲनिमेशन-दिग्दर्शकांकडून पूर्ण अल्बमवर चित्रफीत करून घेतली गेली. कल्पना योग्य, वेळ चुकलेली. मतं मार्च-एप्रिलमध्येच पक्की झाली होती.

वेगळं काय करता आलं असतं

दारासाठी चौथा ट्रॅक, आणि रेक मुद्दाम लपवून ठेवणं. तिसाव्या मिनिटाचा धक्का आधीच फुकट वाटून टाकला नसता तर तो धक्का राहिला असता.

रेकला दुसरा गळा. ते नको असेल तर निदान त्याच्या आवाजावर वेगळी प्रक्रिया, किंवा तो आला की वाजणारं त्याचं स्वतःचं एखादं वाद्य.

शंभर-सव्वाशे शब्दांचा कथासार, मोफत गाण्यासोबतच पाठवलेला. रसभंग होतो म्हणून कलावंत हे टाळतात. पण ऑपेराला जाणारा कथा वाचूनच जातो आणि शोकांतिकेचा शेवट माहीत असल्याने कोणाचं काही बिघडत नाही.

अर्ध्या मिनिटाचा आणि पावणेदोन मिनिटांचा असे दोन्ही वाद्यदुवे शेजारच्या ट्रॅकमध्ये मिसळून १७ ऐवजी १५ ट्रॅक. सुटं घेणाऱ्याच्या हाती मग तुटका तुकडा पडत नाही.

प्रस्तावना आखडती घ्यावी का, यावर मतभेद होऊ शकतो. पहिला सूर कानाला जेमतेम लागतो. दुकानातल्या नमुन्यात किंवा बसमध्ये तिथे काहीच वाजत नसल्यासारखं वाटतं. तरीही ती तशीच ठेवावी असं वाटतं. अंधारातून ऑर्गन वर येतो तेव्हा खोलीतलं बाकी सगळं बंद करावंसं वाटतं, आणि या अल्बमला तेच हवं आहे.

बँडने स्वतः काय बदललं

जानेवारी २०११ मध्ये पुढचा अल्बम आला. पोर्टलंडजवळच्या एका शेतावरच्या कोठारात ध्वनिमुद्रण, दहा गाणी, चाळीस मिनिटं, साध्या लोकगीतांच्या चाली, पाहुण्यांत गायिका गिलियन वेल्च आणि आर.ई.एम. या बँडचा पीटर बक. पहिल्या आठवड्यात सुमारे ९४,००० प्रती गेल्या आणि बिलबोर्डच्या यादीत तो थेट पहिला आला. त्यातल्या एका गाण्याला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. याचा अर्थ २००९ चा प्रयोग फसला असा लावला गेला. तो अर्धाच खरा आहे. दोन्हींचा निर्माता टकर मार्टिनच होता, आणि इतकं भरगच्च काम उरकल्यानंतरच या माणसांना हात आखडता घेण्याची भूक लागली, हेही तितकंच खरं.

लांब रचनेची ओढ मात्र सुटली नाही. २०२४ च्या दुहेरी अल्बममध्ये एकोणीस मिनिटांहून मोठी एक रचना आहे. यावेळी ती कुठे ठेवली ते पाहा. आधी तीन बाजू सुटी गाणी, आणि चौथी बाजू पूर्ण तिला दिलेली. ज्याला तिथवर यायचं नसेल त्याने तिसरी बाजू संपल्यावर तबकडी पाकिटात घालावी; त्याच्या हातून कुठलंही गाणं अर्धवट सुटत नाही.